जड पाणी, जंतू आणि टीडीएसचा आकडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराला बोअरचं पाणी आहे. किटलीत आणि गीझरमध्ये पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. एक विक्रेता पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवा म्हणतो, दुसरा म्हणतो आरओशिवाय गत्यंतर नाही, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात उकळून प्या, झालं. त्यात कुणीतरी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) सांगणारं मीटर बुडवून ५२० चा आकडा दाखवला आणि ‘हे पाणी पिण्यालायक नाही’ असं सांगून गेलं. आता ऐकायचं कोणाचं?

सोबत प्रयोगशाळेचा अहवाल दिलात हे फार बरं केलंत. बहुतेक लोक फक्त टीडीएस कळवतात आणि मग उत्तर देणाऱ्याला अंदाजाचे तीर मारावे लागतात. तुमच्या अहवालातले आकडे, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये: कॅल्शियम ९२, मॅग्नेशियम ३६, सोडियम ४०, अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) २९०, क्लोराइड ६०, सल्फेट ५५, नायट्रेट ३८. पीएच ७.६, गढूळपणा ०.८ एनटीयू. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात: एकूण कॉलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये १४, ई. कोलाय आढळला नाही.

ती तळाची ओळ आणि नायट्रेटचा आकडा, या दोन गोष्टींकडे मी आधी बघेन. जडपणाने तुमचा गीझर खराब होईल. माणूस आजारी पडतो तो जंतूंनी. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेल असं गृहीत धरल्यामुळेच लोक भरपूर खर्च करूनही आजारी पडतात. तिघा सल्लागारांपैकी घरातली माणसं मुद्द्याच्या सगळ्यात जवळ आहेत, पण त्यांचंही पुरतं खरं नाही. ते पुढे येईल.

अहवालावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आधी तपासू. पाण्यात धन आणि ऋण विद्युतभार सारखेच असावे लागतात, त्यामुळे पूर्ण अहवालाचा ताळेबंद मांडता येतो. प्रत्येक आकड्याला त्याच्या तुल्यभाराने, म्हणजे एका विद्युतभारामागे पडणाऱ्या वजनाने, भागायचं: कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२.१५, सोडियमला २३. तुमच्या पाण्यात ४.६० अधिक २.९६ अधिक १.७४, म्हणजे ९.३०. दुसऱ्या बाजूला अल्कलिनिटीला ५०, क्लोराइडला ३५.५, सल्फेटला ४८, नायट्रेटला ६२: म्हणजे ५.८०, १.६९, १.१५ आणि ०.६१, बेरीज ९.२५. फरक एक टक्क्याहून कमी. पाच टक्क्यांपर्यंत मी चालवून घेतो. वीस टक्के फरक दिसला तर एक तर एखादा घटक मोजायचा राहिला आहे, किंवा कुणीतरी खुर्चीत बसून आकडे भरले आहेत. तुमच्या प्रयोगशाळेने काम नीट केलेलं दिसतं.

आता जडपणा. तो मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्यामुळे येतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सांगतात. कॅल्शियमच्या आकड्याला २.५ ने गुणा, मॅग्नेशियमच्या आकड्याला ४.१ ने, आणि बेरीज करा. २३० अधिक १४८, म्हणजे ३७८. साठपर्यंत मऊ, साठ ते एकशेवीस मध्यम, एकशेऐंशीपर्यंत जड आणि त्यापुढे फार जड अशी एक प्रचलित वर्गवारी आहे. त्या हिशेबाने तुमचं पाणी चांगलंच जड आहे, यात वाद नाही.

पण या ३७८ चे दोन भाग पडतात आणि तिथे अल्कलिनिटीचा आकडा कामाला येतो. पीएच ७.६ ला अल्कलिनिटी म्हणजे जवळजवळ सगळं बायकार्बोनेट. ती २९० आहे, म्हणजे ३७८ पैकी २९० हा बायकार्बोनेटच्या जोडीने असलेला, म्हणजे तात्पुरता जडपणा, आणि उरलेले ८८ हा सल्फेट-क्लोराइडच्या जोडीचा कायमचा. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. शिवाय बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, हा मात्र गरम पाण्यात कमी विरघळतो. म्हणून थर नेमका गीझरच्या कॉइलवर आणि किटलीच्या तळाशी धरतो. थंड पाण्याच्या नळाला वर्षानुवर्षं फारसं काही होत नाही. हिशेब करून बघा: २९० पैकी निम्मा जरी बसला तरी दर हजार लिटर तापवलेल्या पाण्यामागे सुमारे १४५ ग्रॅम खडा तयार होतो. उकळल्याने जडपणा कागदावर २९० ने कमी व्हायला हवा, प्रत्यक्षात तेवढा होत नाही, कारण मॅग्नेशियम इतक्या सहजी खाली येत नाही.

साबणाचं कारण वेगळं. साबणातलं स्निग्धाम्ल कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा चिकट साका बनवतं. सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम असं खर्ची पडेपर्यंत फेस धरत नाही. डिटर्जंटचं तसं होत नाही, म्हणून कपड्यांच्या पावडरीला फेस येतो आणि अंगाच्या साबणाला येत नाही.

जडपणा घरी स्वतः मोजायचा असेल तर जरूर मोजा, ही चाचणी मला आजही बघायला आवडते. पन्नास मिलिलिटर पाणी घ्यायचं, अमोनियाचा बफर घालून पीएच १० वर आणायचा, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हे रंग बदलणारं दर्शक टाकायचं. पाणी रेड वाइनसारखं लालसर होतं. मग ब्युरेटमधून (खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून) कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं ०.०१ मोलर ईडीटीए थेंब थेंब सोडत हलवत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग लाल रंग जांभळट व्हायला लागतो आणि इथेच नवशिके घाई करतात. जांभळा म्हणजे शेवट नव्हे. आणखी दोन-तीन थेंब, प्रत्येक थेंबानंतर थांबून, आणि एका थेंबाला शेवटची लाल छटा जाऊन स्वच्छ निळा रंग उभा राहतो. एक मिलिलिटर ईडीटीए म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. तुमच्या पाण्याला १८.९ मिलिलिटर लागायला हवं. बाजारातल्या थेंब मोजायच्या किटमध्ये हीच चाचणी असते, फक्त ब्युरेटऐवजी ड्रॉपर. पाइपावर बसवायची चुंबकं विकायला कोणी आलं तर हीच चाचणी आधी आणि नंतर करून दाखवायला सांगा. आकडा हलत नाही.

जड पाणी प्यायल्याने काय होतं? जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. उलट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. मूतखड्याची भीती सगळेच घालतात, पण निरोगी माणसाला जड पाण्याने खडे होतात असं ठामपणे म्हणता येईल असा पुरावा नाही. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारावं.

टीडीएस मीटरबद्दल एकदाच बोलून घेतो, कारण या उपकरणाने जितका गोंधळ घातला आहे तितका दुसऱ्या कशानेही नाही. ते विरघळलेले पदार्थ मोजतच नाही. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि ०.५ ते ०.७ च्या मधल्या कुठल्यातरी गुणकाने गुणून आकडा दाखवतं. त्याला जंतू दिसत नाहीत. कीटकनाशकं दिसत नाहीत. आर्सेनिकची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे; त्याच्या दहापट आर्सेनिक असलं तरी मीटरचा आकडा जाणवण्याइतका बदलत नाही. मुसळधार पावसानंतर सांडपाणी मिसळलेल्या नदीचा टीडीएस १५० भरू शकतो आणि खोल, निर्जंतुक झऱ्याचा ८००. तुमचे ५२० हे मुख्यतः चुनखडीतून आलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट आहे. फार तर चव थोडी जड लागेल, एवढंच.

आता कॉलिफॉर्म १४. हा जंतूंचा एक मोठा कळप आहे. त्यातले काही आतड्यात राहतात, काही मातीत आणि पानांवर. त्यातले बहुतेक स्वतः आजार करत नाहीत. त्यांना शोधायचं कारण इतकंच की खोल, नीट बंदिस्त बोअरमध्ये ते असायला नकोत. ते आहेत म्हणजे वरचं पाणी कुठून तरी आत शिरतंय. ई. कोलाय आढळला असता तर विष्ठेचा ताजा संसर्ग म्हणून मी तुम्हाला आजच्या आज उकळायला सांगितलं असतं. तो आढळला नाही हे चांगलं, पण एका नमुन्यावर निर्धास्त होण्यासारखं नाही. आणि सोबत नायट्रेट ३८. नायट्रेट येतं ते खतातून, शेणामुतातून किंवा शोषखड्ड्यातून. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे, म्हणजे तुम्ही अजून आत आहात; पण दोन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतायत.

बोअरचं पाणी जमिनीतून गाळून येतं, म्हणून शुद्धच, हा समज किती महागात पडतो याचं उदाहरण कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं वॉकरटन हे गाव. वस्ती पाच हजारांच्या आसपास. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, जवळच्या शेतातल्या शेणाचं पाणी एका उथळ विहिरीत उतरलं आणि त्यासोबत ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार. पाण्यात क्लोरीन पुरेसं घातलं जात नव्हतं आणि नोंदवहीत आकडे मात्र व्यवस्थित भरलेले होते. सात माणसं दगावली, २,३०० च्या वर आजारी पडली.

पाण्यातून येणारे जंतू ढोबळमानाने तीन गटांत येतात, आणि उपाय निवडताना त्यांचा आकार आणि कणखरपणा या दोनच गोष्टी बघायच्या. जिवाणू, म्हणजे कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे, साधारण अर्धा ते काही मायक्रॉन. यांना क्लोरीन सहज मारतं. विषाणू, म्हणजे अ प्रकारच्या काविळीचा, रोटा, नोरो, हे ३० ते ७० नॅनोमीटर, जिवाणूंपेक्षा कितीतरी लहान. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून ते सरळ पार होतात, ‘९९.९९ टक्के जंतूमुक्त’ असं खोक्यावर छापलेलं असतं तेव्हा कुठले जंतू, हे बारीक अक्षरात शोधायचं. आणि तिसरा गट आदिजीवांचा: जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम. हे मोठे, चार ते बारा मायक्रॉन, म्हणजे गाळायला सोपे, पण कवचामुळे क्लोरीनला दाद देत नाहीत. क्रिप्टो तर नेहमीच्या मात्रेला अजिबात नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हेच झालं. गाळण प्रक्रिया बिघडली, पाण्याचा गढूळपणा वाढला, क्लोरीन नेहमीप्रमाणे चालू होतं आणि तरी क्रिप्टोने अंदाजे चार लाख माणसांना आजारी पाडलं. उलट बाजूचं उदाहरण त्याहून शंभर वर्षं जुनं. १८९२ साली हॅम्बर्ग शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. लागूनच, नदीच्या खालच्या अंगाला असलेलं आल्टोना तेच पाणी, हॅम्बर्गच्या सांडपाण्यासकट, वाळूच्या संथ गाळणीतून काढून पीत होतं. कॉलऱ्याने हॅम्बर्गमध्ये आठ हजारांवर माणसं गेली, आल्टोना बऱ्याच अंशी वाचलं. क्लोरीन तेव्हा कुठेच नव्हतं. वाळूवर तयार होणाऱ्या जिवंत थराने ते काम केलं. पाण्याच्या धंद्यात आम्ही गाळणं आणि मारणं या दोन्ही पायऱ्या ठेवतो ते यासाठी. गढूळपणा एकच्या खाली असल्याशिवाय निर्जंतुकीकरणाची भिस्त धरू नये. मातीच्या कणाआड दडलेल्या जंतूपर्यंत ना क्लोरीन पोचतं ना अतिनील किरण. तुमचा ०.८ काठावर आहे. पावसाळ्यात पुन्हा मोजा.

क्लोरीनचं रसायन थोडं समजून घेतलं तर पुष्कळ चुका टळतात. क्लोरीन पाण्यात गेलं की त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं, आणि खरं मारणारं तेच. पीएच वाढला की ते हायपोक्लोराइट आयनात बदलतं, जे जंतू मारण्यात फारच दुबळं. साडेसातच्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे. साडेआठला आम्लाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास उरतो. तुमच्या ७.६ ला फारशी अडचण नाही. दुसरं, घातलेलं क्लोरीन आणि उरलेलं क्लोरीन या वेगळ्या गोष्टी. लोह, अमोनिया, सेंद्रिय कचरा हे आधी आपला वाटा खातात. म्हणून किती घातलं याला अर्थ नाही. अर्ध्या तासाने किती शिल्लक आहे ते बघायचं. डीपीडीची गोळी टाकली की नमुना गुलाबी होतो, तो रंगपट्टीशी जुळवायचा. टाकीत अर्ध्या तासानंतर ०.५ आणि नळाशी किमान ०.२ मिळालं पाहिजे.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. हजार लिटरच्या टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम क्लोरीन. पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच) असेल तर ४० मिलिलिटर. ब्लिचिंग पावडर असेल आणि तिच्यात २५ टक्के क्लोरीन उरलं असेल तर ८ ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, फक्त वरची निवळ ओतायची. डबा उघडा राहिलेली जुनी पावडर भरवशाची नसते. सुगंधी ब्लीच वापरू नका.

उकळण्याबद्दल घरातली माणसं बरोबर आहेत: पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की तिन्ही गटांतले जंतू मरतात, दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. त्याला तोड नाही. पण नायट्रेट उडत नाही, उलट दाट होतं. तुमचं पाणी आटवत ठेवून पाव भाग उडवलात तर ३८ चे जवळजवळ ५१ होतात. बाटलीने दूध पिणाऱ्या लहान बाळाला हे पोचू नये, नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. तेव्हा उकळी आली, मिनिट झालं, गॅस बंद. दहा-दहा मिनिटं उकळत ठेवण्याने काहीही जास्तीचं मिळत नाही.

सॉफ्टनरमध्ये रेझिनचे मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे करायचे. जडपणासाठी याहून चांगला घरगुती उपाय नाही, फक्त तो काय करत नाही ते माहीत असावं. जंतू तो मारत नाही. बरेच दिवस पडून राहिलेल्या रेझिनमध्ये ते वाढतातही. टीडीएस कमी करत नाही. तुमच्या पाण्यात तर तो साधारण ४५ ने वाढेल, कारण जाणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा बदली येणारं सोडियम वजनाने जास्त भरतं. सॉफ्टनर बसवल्यावर मीटर बुडवून ‘फसवलं’ म्हणून ओरडणारे लोक मी नेहमी बघतो. सोडियमचा हिशेब असा: दर १०० जडपणामागे ४६. म्हणजे तुमच्याकडे १७४ वाढून आधीच्या ४० सह २१४ होईल. दोन लिटर प्यायलात तर सव्वाचारशे मिलिग्रॅमच्या वर, दिवसभराच्या २ ग्रॅमच्या शिफारशीच्या पाचवा हिस्सा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार घरात असेल तर हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या ओळीवर ठेवायचा.

आरओ, म्हणजे पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलणारं यंत्र, दमदार आहे, पण प्रत्येक घराला लागतंच असं नाही. ते क्षार, आर्सेनिक, फ्लोराइड अडवतं, नायट्रेटही बऱ्यापैकी अडवतं, फक्त बाकीच्यांइतकं चोख नाही. पडद्यातून जंतू जायला नकोत. पण घरगुती यंत्रात रबरी रिंगा, जोड आणि साठवणीची टाकी यांतून ते शिरतात, म्हणून आरओनंतर अतिनील दिवा देतात. पडद्याला क्लोरीन सोसत नाही म्हणून त्याआधी कार्बनचा फिल्टर लागतो, आणि कार्बनने क्लोरीन काढून घेतलं की त्यापुढे पाणी विनापहारा. शिवाय तुमच्यासारख्या जड पाण्यात निम्मं पाणी काढून घेतलं की उरलेल्यात जडपणा दुप्पट होतो आणि खडा थेट पडद्यावर बसतो. आणि किती पाणी वाया जातं तेही बघा. छोट्या यंत्रांत बऱ्याचदा पिण्यासाठी निघतं त्याच्या दुप्पट-तिप्पट गटारात जातं.

जडपणा आणि जंतू वेगळे प्रश्न म्हणालो, पण ते एकमेकांच्या वाटेत येतात, आणि विक्रेते हे सांगत नाहीत. अतिनील दिव्याभोवती क्वार्ट्‌झची नळी असते. ती कोमट राहते, तिच्यावर खडा धरतो आणि प्रकाश आतच अडतो. दिवा जळताना दिसतो, जंतू बिनदिक्कत पुढे जातात. म्हणूनच अशा दिव्यांसोबत जडपणा साधारण १२० च्या आत आणि लोह ०.३ च्या आत असावं अशी अट असते. तुमच्या ३७८ वर आधी सॉफ्टनर लावल्याशिवाय अतिनील दिवा लावू नका, आणि लावलात तर नळी वेळोवेळी सौम्य आम्लाने पुसा. अतिनील किरणं क्रिप्टो आणि जिआर्डियाला फार थोड्या मात्रेत निकामी करतात, क्लोरीनच्या नेमकं उलट. काही विषाणूंना मात्र, विशेषतः अ‍ॅडिनो गटाला, बरीच मोठी मात्रा लागते. आणि दिव्यानंतर पाण्यात काहीही शिल्लक राहत नाही, टाकी घाण असेल तर केलेलं सगळं वाया.

दुसरी गाठ गीझरमध्ये. खड्याच्या खरबरीत थरात जंतूंची बुरशीसारखी साय बसते आणि वीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोमट पाण्यात लेजिओनेला वाढतो. हा पिण्यातून नाही, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली, तिच्या तपासात तो पहिल्यांदा ओळखला गेला. साठवणीचा गीझर साठ अंशांवर ठेवा, नळाला मिसळून वापरा, आणि खडा वेळच्या वेळी काढा.

खडा काढताना एक गोष्ट पाळाच: आम्ल आणि ब्लीच एकत्र येता कामा नयेत, एकामागून एक न धुता वापरले तरीही. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. किटलीला सायट्रिक आम्ल पुरतं.

तुमच्या जागी मी या क्रमाने जाईन. आधी बोअरचं तोंड बघा. केसिंग पाइप जमिनीच्या वर आहे का, झाकण घट्ट आहे का, भोवती सिमेंटचा उताराचा ओटा आहे का, शोषखड्डा किंवा गोठा किती जवळ आहे. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढचं सगळं म्हणजे तळ फुटलेल्या भांड्यात पाणी भरणं. मग बोअरला क्लोरीनचा एक जोरदार डोस, लिटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅम. दीडशे मिलिमीटरचा बोअर आणि ४० मीटर पाणी असेल तर आत सुमारे ७०० लिटर भरतं. १०० च्या मात्रेला ७० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट १.४ लिटर. वास येईपर्यंत सगळे नळ चालवा, रात्रभर तसंच ठेवा, सॉफ्टनर किंवा फिल्टर असेल तर तो बायपास करा, आणि सकाळी ते पाणी झाडांपासून व सेप्टिक टाकीपासून दूर उपसून टाका. यानंतरचा अहवाल हाती येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळा.

आठवडाभराने, क्लोरीन पूर्ण गेल्यावर, जंतूंची चाचणी पुन्हा करा. कॉलिफॉर्म शून्य आले तर धुण्याआंघोळीच्या नळांच्या बाजूला सॉफ्टनर बसवून मोकळे व्हा. पुन्हा आले, तर सततचं निर्जंतुकीकरण लागेल: टाकीत क्लोरीनचा छोटा पंप, किंवा सॉफ्टनरच्या पुढे अतिनील दिवा आणि त्या पाण्यासाठी स्वच्छ बंद टाकी. दिव्याच्या वाटेने गेलात तर पिण्याचं पाणीही सॉफ्टनरमधूनच येईल, तेव्हा सोडियमचा मघाचा हिशेब लक्षात घ्या; मला तुमच्याकडे क्लोरीन जास्त सोयीचं वाटतं. नायट्रेट दर सहा महिन्यांनी मोजा, एकदा पावसाळा संपताना. पन्नासच्या पुढे सरकलं तर फक्त पिण्याच्या नळाला छोटा आरओ. आर्सेनिक आणि फ्लोराइड तुमच्या अहवालात नाहीत. भूजलात ते खडकातूनच येतात, तेव्हा एकदा तेही मोजून घ्या.

आणि नमुना घेताना: नळाची जाळी काढा, तोंड ज्योतीने भाजा किंवा स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरा, आत तळाला पांढरी पूड दिसली तर धुऊन टाकू नका, ती उरलेलं क्लोरीन मारायला घातलेली असते. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, वर थोडी जागा सोडा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. पीएच मात्र नळाशीच मोजा. बाटलीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि प्रयोगशाळेत आकडा वर सरकलेला मिळतो.